अभावाला अज्ञान म्हणणारी कविता

चिनी कवी सु शी (१०३७–११०१) याने डुकराच्या मांसाच्या स्तुतीपर एक छोटी कविता लिहिली. एवढ्या थोर कवीने एवढ्या हलक्या विषयावर लिहिले, असे तिचे कौतुक होते. परंतु हे मांस हलके ठरवले कोणी, हा प्रश्न त्या कौतुकाखाली दबून जातो.

कवितांतून राज्यकारभारावर टीका केली म्हणून १०७९ मध्ये सु शीला अटक झाली आणि १०८० मध्ये त्याची हुआंगचौ येथे हकालपट्टी झाली. तेथे त्याने पडीक जमीन कसली. पूर्वेकडील उतारावरच्या त्या जमिनीवरूनच त्याने 'तुंगपो' हे नाव घेतले. म्हणजे हा भरल्या पोटी गरिबीचे कौतुक करणारा कवी नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

श्रीमंत या स्वस्त मांसाला शिवत नाहीत आणि गरिबांना ते शिजवता येत नाही, अशी त्याची तक्रार आहे. त्यावर तो थोडे पाणी, मंद आच आणि धीर हा उपाय सांगतो. तक्रारीचा पहिला भाग प्रतिष्ठितांचे ढोंग नेमके पकडतो. दुसरा भाग मात्र तपासला पाहिजे.

पाय, नळी, पोटाकडचे कातडीसकट मांस हे तुकडे चिवट असतात. मंद आचेवर दोन-तीन तास ठेवले की त्यांतील कोलॅजनचे जिलेटिन होते, मांस मऊ पडते, रस दाट होतो. आज चिनी घरांत मांसाला आधी एक उकळी देऊन फेस काढतात. मग सोया सॉस, साखर, तांदळाची दारू, आले आणि पातीचा कांदा घालून ते झाकून शिजवतात. यात गूढ काही नाही. लागते ते जळण आणि वेळ. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या बाईजवळ नेमके हेच नसते. उलट, जिथे जळण तुटपुंजे तिथेच राखेखाली निखारा जपण्याचे कसब असते. सु शी अभावाला अज्ञान म्हणतो. स्वतः गरिबीत राहूनही त्याची नजर अधिकाऱ्याचीच राहिली.

पुढे हांगचौच्या प्रसिद्ध पदार्थाला 'तुंगपो मांस' हे नाव मिळाले. ज्यांच्या हातांनी ते पिढ्यान्‌पिढ्या शिजवले त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत.

चीनमधील गरिबी आणि आपल्याकडील अस्पृश्यता एक नव्हेत. तरीही 'यांना येत नाही' हा शेरा आपल्या ओळखीचा आहे. अन्नापासून अक्षरापर्यंत तो आपल्यावर मारला गेला. म्हणून शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाचे मोल वेगळे आहे. मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद तेथे ते अन्न खाऊन वाढलेला माणूस करतो. कमतरता कोठून आली हे त्याला ठाऊक असते.

सु शीची कविता वाचू नये, असे माझे म्हणणे नाही. ती वर्गात जरूर शिकवावी. मात्र चुलीपाशी कोण बसले होते आणि जळण कोणी आणले, हे विद्यार्थ्यांना विचारल्याशिवाय तिचे रसग्रहण पुरे झाले असे समजू नये.