वेळेचे पुस्तक, वेळेविना

आमच्या सीताबर्डीला मेट्रोचे दोन मार्ग एकमेकांना छेदतात. अशा गाडीत ब्रेकचा आदेश अचूक असूनही उशिरा पोचला, तर तो चूकच. ‘रिअल-टाइम’ कार्यप्रणालीचे मर्म हेच: वेगापेक्षा वेळेची हमी. रिचर्ड बॅरी यांची फ्रीआरटीओएसवरील मार्गदर्शिका अग्रक्रम, रांगा, म्युटेक्स सुबोधपणे समजावते. दुय्यम काम महत्त्वाच्या कामाला कसे अडवते (१९९७ मध्ये मंगळावर पाथफाइंडर याच दोषाने वारंवार रीसेट होई), तो भाग वर्गात जरूर वाचावा. पण उदाहरणे चालवायची विंडोजवर; तिथे खरी वेळेची हमी नसते, असे पुस्तकच सांगते! मग विद्यार्थ्याला उशीर दिसणार कसा? छोट्या बोर्डावरची एक पिन दर मिलिसेकंदाला चालू-बंद करून, तिच्या कडा किती मागेपुढे सरकतात हे ऑसिलोस्कोपवर मोजायचा धडा आम्हाला हवा होता.