वंशवृक्ष आणि हिशेबाची वही

अमेरिकेतील वंशलेखनाला संस्थात्मक स्वरूप आले ते १८४५ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटीमुळे. या परंपरेत रूढ झालेली मांडणी वरून खाली उतरत जाते. प्रथम समुद्र ओलांडून आलेला, किंवा जंगल तोडून वसाहत करणारा पुरुष; मग त्याचे पुत्र; मग पौत्र. ज्यांचा वंश पुढे सांगायचा त्यांना क्रमांक मिळतो, मुलींची संतती बहुधा पतीच्या कुळाच्या स्वाधीन होते. ‘मूळ पुरुषा’पासून आरंभ होणारे कुळवृत्तांत ज्याने चाळले आहेत, त्या मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र तिच्या शेजारी दुसरीच एक नोंदपद्धती अस्तित्वात होती. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची मोजदाद मालकाच्या नावाखाली, वय, लिंग व वर्ण एवढ्याच तपशिलाने, बहुतांशी नावाविना झाली. एकाच पुरुषाची काही अपत्ये वंशावळीत आणि काही मालमत्तेच्या यादीत असणे ही त्या व्यवस्थेतली नित्याची शक्यता होती.

विल्यम फॉकनर यांचे ‘गो डाउन, मोझेस’ (१९४२) या दोन नोंदपद्धतींमधील अंतरावरच उभे आहे. कॅरोलायनातून मिसिसिपीच्या अरण्यात आलेला, चिकसॉ सरदाराकडून जमीन घेणारा कॅरोदर्स मॅकॅस्लिन हा येथील मूळ पुरुष. ‘द बेअर’ या कथेच्या चौथ्या भागात त्याचा सोळा वर्षांचा नातू आयझॅक मळ्यावरच्या दुकानातील जुन्या हिशेबाच्या वह्या वाचतो. त्या आयझॅकच्या पित्याने आणि त्याच्या जुळ्या भावाने लिहिलेल्या आहेत. युनिस ही गुलाम स्त्री १८०७ मध्ये न्यू ऑर्लिन्सला ६५० डॉलरना विकत घेतली. १८०९ मध्ये थ्युसिडसशी तिचे लग्न लावले. १८३२ च्या नाताळच्या दिवशी ती ओढ्यात बुडाली. तिची मुलगी टोमी १८३३ च्या जूनमध्ये बाळंतपणात मेली. मूल जगले, त्याचे नाव टर्ल. मुलाच्या पित्याचे नाव कुठेही नाही, वडिलांच्या मृत्युपत्राचा निर्देश तेवढा आहे. त्या मृत्युपत्राने टर्लला एक हजार डॉलर ठेवले होते.

वहीतील एकही नोंद टोमी ही म्हाताऱ्या कॅरोदर्सचीच मुलगी होती आणि तिच्या मुलाचा पिताही तोच होता, असे म्हणत नाही. आयझॅक ते तारखांवरून ताडतो. युनिसने स्वतःला बुडवून घेतले ही दुरुस्तीही त्या वेळची नाही. ती सहा महिन्यांनंतरच्या जूनमधली, म्हणजे टोमी मेली आणि टर्ल जन्मला त्याच महिन्यातली आहे. एक भाऊ ती लिहितो, दुसरा तिच्यावर अविश्वास दाखवतो, ऑगस्टमध्ये पहिला पुन्हा तेच ठामपणे लिहितो. गुलामाला जीव देण्याइतके मन असते काय, हा वाद जमाखर्चाच्या वहीत चालावा यातच त्या घराण्याचा खरा इतिहास आहे. अभ्यासकांनी वाचकाच्या सोयीसाठी मॅकॅस्लिनांचे वंशवृक्ष वेळोवेळी आखून दिले आहेत. ही सोय महागात पडते. वृक्षावर कॅरोदर्स आणि टोमी यांना जोडणारी सरळ रेघ निश्चित ज्ञान म्हणून समोर येते. संहितेत ते ज्ञान अनुमानाच्या यातनेतून मिळालेले आहे. रेघ आखली की वाचन संपते.

फॉकनर यांनी वंशलेखनाचा आणखी एक आधार उलटा केला आहे. जमीन अखेरीस ज्या एडमंड्स शाखेकडे जाते ती मुलीच्या बाजूने आलेली. टर्लचा मुलगा ल्यूकस बीचम हा मात्र पुरुषपरंपरेने मूळ पुरुषाचा वंशज आहे, आणि त्याला याचा पुरेपूर अभिमान आहे. आजोबांचे ल्यूशियस हे नाव तो स्वतःपुरते ‘ल्यूकस’ करून घेतो. वारसा नाकारायचा नाही, पण तो दुसऱ्याच्या अक्षरांत घ्यायचाही नाही, असा हा पवित्रा. समीक्षेने त्याच्याकडे दीर्घकाळ आयझॅकच्या छायेतच पाहिले, हे खेदाने नोंदवावे लागते.

कारण पुष्कळशा समीक्षेला आयझॅक हा पुस्तकाचा नैतिक केंद्रबिंदू वाटत आला. तो वह्या वाचतो, एकविसाव्या वर्षी जमिनीवरचा हक्क सोडतो. याहून अधिक काय हवे? ‘डेल्टा ऑटम’ ही कथा या समजुतीला सुरुंग लावते. सत्तरी ओलांडलेल्या, निपुत्रिक आयझॅकच्या तंबूत एक तरुण स्त्री तान्हे मूल घेऊन येते. मूल रॉथ एडमंड्सचे आहे. ती स्वतः टर्लच्या ज्येष्ठ मुलाची, १८८५ मध्ये एकविसाव्या वाढदिवशी नाहीशा झालेल्या जेम्सची नात आहे. मूळ पुरुषाच्या दोन्ही शाखा त्या मुलात पुन्हा एकत्र येतात. वह्यांचा अर्थ ज्याने एकट्याने लावला, तो हे ओळखताच हादरतो. उत्तरेकडे जा, आपल्या वंशाच्या पुरुषाशी लग्न कर, असा सल्ला तिला देतो. त्यागाने तो मालकीपासून मुक्त झाला असेल, वर्णभेदापासून नाही. तो तिला शिकारीचे एक जुने शिंग देतो खरे; पण त्याआधी रॉथने मागे ठेवलेले नोटांचे पाकीट तिच्या हाती गेलेले असते. टर्लसाठी ठेवलेल्या हजार डॉलरांच्या नोंदीला निदान त्याचे नाव होते. या स्त्रीला आणि तिच्या मुलाला संहितेत नावही नाही.