पहिला पावसाळा

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पहिला पावसाळा मात्र त्याला निभावला नाही. चौकशी समितीने गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग अशी कारणे दिली. काम एका तरुण शिल्पकाराकडे होते, म्हणून ‘अननुभवी माणसाला एवढे काम दिलेच कसे’ असा प्रश्न सगळीकडे विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या आधीचा प्रश्न कुणी विचारला नाही. उघड्यावरच्या कामाचा अनुभव आपल्या तरुण शिल्पकाराने मिळवायचा कुठे?

पुतळा सुमारे ३५ फुटांचा होता. कला संचालनालयाने मंजुरी दिली होती ती ६ फुटांच्या मॉडेलला, असे त्या वेळी संचालकांनी सांगितले. या दोन आकड्यांमधले अंतर नीट पाहावे. उंची जवळजवळ सहापट झाली की वाऱ्याचा मार झेलणारा पृष्ठभाग सुमारे ३४ पट होतो. तोच वारा आता अधिक उंचीवर धडकतो, त्यामुळे पायाशी येणारा उलथवणारा जोर जवळजवळ दोनशेपट होतो. म्हणजे मॉडेल मोठे केले की पुतळा होतो, हे खरे नाही. पुतळा ही वेगळीच वस्तू असते. तिच्या आत लोखंडाचा सांगाडा कसा जाणार, पाणी कुठे साठणार आणि कुठून वाहून जाणार, दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले तर खाऱ्या हवेत काय होणार, खालून पाहणाऱ्याला चेहरा लहान वाटू नये म्हणून डोके किती मोठे करायचे, हे सगळे नव्याने ठरवावे लागते. वर्गातल्या टर्नटेबलवर ते शिकता येत नाही. एकदा तरी बाहेर काम उभारून, पावसात भिजू देऊन, पुढच्या दिवाळीत त्याच्याकडे पुन्हा जाऊन पाहावे लागते.

आपल्या थोर शिल्पकारांना ही संधी वेळेवर मिळाली. विनायक पांडुरंग करमरकरांनी पुण्याचा अश्वारूढ शिवाजी १९२८ मध्ये उभा केला, तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. त्यामागे जे. जे. स्कूल, कलकत्त्यातला स्वतःचा स्टुडिओ आणि लंडनमधले शिक्षण एवढी शिदोरी होती. दिल्लीच्या चांदणी चौकातला गांधीजींचा पुतळा सदाशिव साठ्यांनी तिशीच्या आत केला. गेटवे ऑफ इंडियासमोरच्या त्यांच्या शिवाजीचे अनावरण १९६१ मध्ये झाले, तेव्हा चांदणी चौकाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी आधी वेरूळ-अजिंठ्यात पुरातत्त्व खात्यासाठी दगडी शिल्पांची डागडुजी केली, मग गांधीसागर धरणावर काँक्रीटमध्ये ४५ फुटांची चंबळ देवी कोरली. १८२ मीटरच्या सरदार पटेलांपर्यंत ते २०१८ मध्ये पोहोचले. तिघांच्याही वाटेवर पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरीवर विश्वास टाकणारे कुणीतरी होते.

आज त्या पायऱ्या दिसत नाहीत. पुरस्कार आहेत, नाही असे नाही. राज्य कला प्रदर्शन आहे, १८८८ पासूनची बॉम्बे आर्ट सोसायटी आहे. पण ही बक्षिसे तयार झालेल्या, छपराखाली मावणाऱ्या कामाला मिळतात. मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या पैशाने फायबरमध्ये काहीतरी ओतते, बक्षीस घेते, आणि ते शिल्प घरी नेऊन गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवते. दुसरीकडे शहरातले मोठे काम निविदेने निघते. तिथे उलाढाल, अनामत रक्कम आणि ‘यापूर्वी केलेल्या समान कामाचा दाखला’ लागतो. काम केल्याशिवाय दाखला नाही आणि दाखल्याशिवाय काम नाही. मग ठेकेदार पुढे होतो आणि शिल्पकार त्याचा पोटठेकेदार होतो. चौकाचौकांत उभारलेला तोच हात आणि तोच चेहरा, ब्राँझच्या रंगाचे तेच फायबर दिसते, त्याचे मूळ या व्यवस्थेत आहे. लोकांची श्रद्धा खरी असते, वर्गणीही खरी असते. तिला साजेसे शिल्प मात्र हाती येत नाही.

व्यक्तिपुतळ्यापलीकडच्या शिल्पाची स्थिती तर आणखी नाजूक आहे. मुंबईत हाजी अलीचे पिलू पोचखानावाला यांचे ‘स्पार्क’ रहदारीपायी काढले गेले. त्याच शहरातल्या काळ्या घोड्याची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. ज्यावरून जागेला हे नाव पडले तो घोडेस्वाराचा पुतळा १९६५ मध्ये हलवला गेला आणि बिनस्वाराचा नवा घोडा आला तो २०१७ मध्ये. मधली बावन्न वर्षे जागेला नाव होते, शिल्प नव्हते. दर दोन वर्षांनी एका तरुणाला ती जागा दिली असती, तर सव्वीस शिल्पकार तिथून तयार होऊन निघाले असते. त्या परिसरात दर वर्षी कला महोत्सव भरतो, तरुणांच्या मांडणीशिल्पांना तिथे खरी दाद मिळते. पण तो थंडीच्या दिवसांत काही दिवस असतो. पाऊस ती कामे पाहतच नाहीत.

लंडनच्या ट्रफाल्गर चौकातला चौथा चौथराही दीडशेहून अधिक वर्षे रिकामा होता. १९९९ पासून तिथे काही काळापुरती शिल्पे बसू लागली. निवडीआधी छोटी मॉडेले लोकांसमोर मांडली जातात आणि गावभर वाद होतो. तो चौथरा बहुधा नाव कमावलेल्यांचा. पण त्याच शहरात रॉयल सोसायटी ऑफ स्कल्प्टर्सचा ‘फर्स्ट प्लिंथ’ हा पुरस्कार मोठ्या, उघड्यावरच्या कामाची पहिली संधी देण्यासाठी आहे. तिथे बक्षीस म्हणून काम मिळते. आपल्याला नेमके हेच हवे आहे.

अशा पुरस्काराची रचना अवघड नाही. अट एकच असावी, की उघड्यावरचे हे पहिले काम असावे. वयाची अट नको, कारण गावाकडचा कारागीर चाळिशीतही नवोदित असू शकतो. निवड झालेल्या पाच-सहा जणांना मॉडेल करण्याचेही पैसे मिळावेत. परीक्षकांत शिल्पकारांबरोबर एक स्थापत्य अभियंता आणि एक ओतारी हवा. धातू कुठे दगा देतो हे ओताऱ्याइतके कुणाला कळत नाही. उंची दहा-बारा फुटांच्या आत असावी, म्हणजे चूक झाली तरी कुणाच्या जिवावर बेतणार नाही. जागेसाठी रस्ता अडवू नये. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्त्यांवरच्या नव्या पुतळ्यांना मनाई केलीच आहे. पालिकेची उद्याने, एस.टी. स्थानकांची आवारे, महाविद्यालयांची मैदाने मोकळी पडली आहेत. विषय शिल्पकाराचा असावा. सासवण्याला करमरकरांच्या घरी गेले की त्यांची सिमेंटची म्हैस पाहावी. महाराजांचा घोडा घडवणारा हा माणूस म्हशीकडेही तेवढ्याच मायेने पाहत होता, हे तिथे कळते. ती नजर असल्याशिवाय घोडाही जमत नाही.

आणि शेवटचा हप्ता पावसाळ्यानंतर द्यावा. जूनच्या आधी शिल्प बसवावे, ऑक्टोबरात शिल्पकार, अभियंता आणि ओतारी तिघांनी मिळून त्याची तपासणी करावी, जोड उघडून बघावेत, गंजाची टिपणे ठेवावीत आणि ती पुढच्या वर्षीच्या शिल्पकाराच्या हाती द्यावीत. दहा वर्षांत कोकणच्या, मराठवाड्याच्या, विदर्भाच्या हवेत काय टिकते याची आपली स्वतःची वही तयार होईल. राजकोटावर जे घडले त्याची खरी भरपाई मला त्या वहीत दिसते.