गतिवर्णन आणि घटनास्मृती : एका अनुमानाची मर्यादा

गतीचे वर्णन सर्व भाषा एकाच रीतीने करीत नाहीत, ही गोष्ट लेनर्ड टाल्मी यांच्या १९८५ मधील विवेचनापासून अभ्यासकांस परिचित आहे. इंग्रजी भाषा गतीची रीत मुख्य क्रियापदात सांगते व मार्ग गौण शब्दाकडे सोपविते. स्पॅनिश आणि ग्रीक या भाषांत बहुधा मार्ग क्रियापदात येतो. रीत अनुक्त राहिली तरी चालते. मराठीचा कल दुसऱ्या प्रकाराकडे दिसतो. ‘मूल रांगत खोलीत शिरले’ यातील ‘रांगत’ गाळले तरी वाक्य अभंग राहते.

यावरून एक मोहक अनुमान काढले जाते : जे व्याकरणात गौण, ते स्मृतीतही क्षीण. हे अनुमान प्रयोगाच्या कसोटीस उतरत नाही. पापाफ्रागू, हल्बर्ट आणि ट्रूझवेल यांनी २००८ मध्ये इंग्रजी व ग्रीक भाषकांच्या नेत्रहालचाली नोंदविल्या. दृश्याचे वर्णन करावयाचे असता दृष्टी आपापल्या क्रियापदाच्या मागणीनुसार वळली; केवळ लक्षात ठेवण्यासाठी पाहताना मात्र दोन्ही गटांचे अवधान बहुतांशी सारखेच राहिले. इतकेच नव्हे, तर घटना संपताच प्रत्येक गट आपल्या क्रियापदात सहसा न येणाऱ्या तपशिलाकडे वळला.

मग भाषेचा स्मृतीवर परिणाम होतच नाही काय? होतो, परंतु तो निराळ्या मार्गाने. लॉफ्टस आणि पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात अपघाताचे चित्रण पाहिलेल्यांना मोटारींचा वेग विचारला गेला. प्रश्नात जोरदार आदळण्याचे क्रियापद होते तेव्हा सरासरी अंदाज ताशी ४०.८ मैल आला. केवळ स्पर्शाचे होते तेव्हा ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर, नसलेली फुटकी काच पाहिल्याचे पहिल्या क्रियापदाच्या गटातील ५० पैकी १६ जणांनी सांगितले. ‘धडकणे’ या अर्थाच्या सौम्य क्रियापदाच्या गटात असे ७ जण निघाले. येथे कारण भाषेच्या घडणीत नाही. ते प्रश्नकर्त्याच्या शब्दात आहे. हा भेद विसरल्यास साक्षीदाराच्या चुकीचा दोष आपण त्याच्या मातृभाषेवर ठेवू आणि उलटतपासणी करणारा मोकळा सुटेल.

मराठीपुरते बोलावयाचे तर मूळ वर्गीकरणही तपासून घेतले पाहिजे. ‘तो धावत आला’ यात धावणे ही रीत आहे. ‘तो धावून आला’ यात साहाय्याचा वा आक्रमणाचा हेतू डोकावतो. ‘पळून गेला’ यातील मुख्य क्रियापद कोणते, हाच वादाचा विषय आहे. ज्या भाषेत कृदंताचा एक प्रत्यय घटनेचा अर्थ पालटतो, तिला ‘मार्गप्रधान’ असे एकच नाव देऊन स्मृतीविषयी निष्कर्ष काढणे घाईचे होय. आधी कृदंतांचा विचार व्हावा. प्रयोगाची मांडणी त्यानंतर.