‘टिपिकल’ लिंफोमा कुणाचा?

मेंदूच्या लिंफोमावरचा कुठलाही शोधनिबंध उघडा, एमआरआयचं वर्णन ठरलेलं असतं. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला, नाहीतर दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसममध्ये गाठ. गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं की ती सगळीकडे सारखी उजळते. डिफ्यूजनच्या चित्रातही पांढरी दिसते, कारण पेशी इतक्या दाटीने बसलेल्या असतात की पाण्याच्या रेणूंना हलायला जागा नसते. गणपतीतला कोकण रेल्वेचा जनरल डबा आठवा, तसंच.

वर्णन चूक नाही. माझी तक्रार ‘टिपिकल’ या शब्दाबद्दल आहे. हे चित्र प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या रुग्णाचं. एचआयव्हीमुळे ती खालावली असेल, तर बऱ्याचदा गाठीचा मधला भाग मरतो आणि फक्त कडा अंगठीसारखी उजळते. तशीच अंगठी टोक्सोप्लाझ्माच्या संसर्गात दिसते आणि मेंदूतल्या क्षयाच्या गाठीतही.

आता संगणकाला निदान शिकवणारे निबंध बघा. त्यांतल्या अनेकांचा प्रश्न एवढाच असतो: लिंफोमा की ग्लायोब्लास्टोमा? दोनच पर्याय दिल्यावर मार्क चांगले पडणारच! पण आपल्याकडे क्षय वगळून घेतलेली परीक्षा अर्धीच म्हणायची.

त्याहून मोठी गोष्ट स्टिरॉइडची. डोकेदुखी, उलट्या, सीटीवर सूज दिसली की डेक्सामेथासोन दिलं जातं. सूज जिवावर बेतणारी असेल तर ते द्यावंच लागतं. पण स्टिरॉइड लिंफोमाच्या पेशीही मारतं. काही दिवसांत गाठ फिकी होते, कधी दिसेनाशी होते, बायोप्सीत नेमकं काही सापडत नाही, आणि नंतर ती परत येते. रत्नागिरीचा रुग्ण औषध सुरू करून तीनशेहून जास्त किलोमीटरवरच्या मुंबईत पोचतो आणि तिथे नवा एमआरआय होतो, तेव्हा त्यात ‘टिपिकल’ काही उरलेलं नसू शकतं. स्टिरॉइड घेतलेले असे रुग्ण अभ्यासातून अनेकदा वगळले जातात. आकडे त्याने स्वच्छ होतात, पण ज्याच्यासाठी मदत हवी तोच बाहेर राहतो.

म्हणून असा निबंध वाचताना मी आधी दोनच गोष्टी शोधते: स्टिरॉइड कधी सुरू झालं, आणि कुणाला वगळलं.

तुमच्या घरात कधी अशी वेळ आली, तर पहिल्या स्कॅनची सीडी आणि औषधं सुरू केल्याच्या तारखेचा कागद सोबत न्या. स्टिरॉइड मात्र स्वतःहून बंद करू नका, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.