विकणे, पाठविणे, योजणे : यहुदी शास्त्रातील ईश्वरी योजना आणि मराठी शब्द

ईश्वराचे नियंतृत्व आणि मनुष्याचे कर्तृत्व यांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न यहुदी शास्त्राच्या भाष्यकारांनी फार प्राचीन काळापासून चर्चिला आहे. मराठीच्या अभ्यासकालाही तो परका मानण्याचे कारण नाही. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळण्याचा व्यवसाय करणारा आणि शनिवार पाळीत असल्यामुळे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला गेलेला बेने इस्राएल समाज हा मराठीभाषक समाज होय. जॉन विल्सन यांनी या समाजासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीतून सिद्ध केले ते १८३२ साली. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले शास्त्राचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, केडगावहून प्रसिद्ध झाले. हिब्रूतील हा प्रश्न अशा रीतीने दोन शतके मराठी शब्दांत मांडला जात आहे. आणि शब्द बदलले की प्रश्नाचे स्वरूपही बदलते.

मराठी वाचक या शास्त्राकडे येतो तो रिकाम्या मनाने येत नाही. दैव, प्रारब्ध, संचित, ललाटरेषा, नशीब असे शब्दांचे एक भरलेले भांडार त्याच्यापाशी असते. मूल जन्मल्यावर पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी भविष्य लिहून जाते, ही समजूत मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत सर्वश्रुत आहे. उलट जिंतूरनजीकच्या नेमगिरीवर ज्या तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, त्यांच्या दर्शनात जगाचा नियंता असा ईश्वरच मानलेला नाही. तेथे कर्माचे फळ द्यावयास दुसऱ्या कोणाची गरज पडत नाही. एकीकडे जन्माबरोबर आलेले लिखित, दुसरीकडे नियंत्यावाचून चालणारा कर्माचा नियम, या दोन टोकांमध्ये मराठी शब्दसंपत्ती वावरते. यहुदी शास्त्रातील कल्पना या दोहोंपैकी एकीतही बसत नाही. तेथे ईश्वर योजतो आणि मनुष्यही योजतो. दोघांची योजना एकाच घटनेत वास करते, आणि तरीही कोणा एकाचे उत्तरदायित्व दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत नाही. हा या विवेचनाचा मुख्य सिद्धांत होय.

त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे ‘उत्पत्ती’ या पहिल्या ग्रंथातील योसेफाची कथा. भाऊ मत्सराने योसेफाला विकतात. तो मिसर देशी दास होतो, तुरुंगात पडतो, पुढे राज्याचा कारभारी होतो आणि दुष्काळात त्याच भावांना धान्य देतो. पंचेचाळिसाव्या अध्यायात तो आपली ओळख देतो, तेव्हा एकाच घटनेसाठी दोन क्रियापदे येतात. भावांनी त्याला ‘विकले’ आणि देवाने त्याला ‘पाठविले’. येथवर असे वाटू शकते की, पहिले क्रियापद हा केवळ आभास आणि दुसरे तेवढे सत्य. योसेफ स्वतःच पुढे म्हणतो की, आपल्याला येथे धाडणारे भाऊ नव्हत, देव होय. कथा येथेच संपती, तर तिला दैववादी म्हणण्यास प्रत्यवाय नव्हता.

परंतु कथा येथे संपत नाही. पन्नासाव्या अध्यायात पिता याकोब मरण पावतो आणि भावांना पुन्हा भीती वाटू लागते. ही भीती अर्थपूर्ण आहे. ‘देवानेच पाठविले’ या एका वाक्याने अपराध पुसला गेला असता, तर भिण्याचे कारण उरले नसते. योसेफाचे उत्तर या ठिकाणी अधिक काटेकोर आहे. तो अपराध नाकारीत नाही. दंड देणे हे आपले स्थान नव्हे, एवढेच सांगतो. आणि मग ‘हाशव्’ हे एकच हिब्रू क्रियापद दोन वेळा येते, एकदा भावांसाठी आणि एकदा देवासाठी. भावांनी योजले ते वाईट. देवाने योजले ते बऱ्यासाठी, पुष्कळांचे प्राण वाचावेत म्हणून. याच धातूपासून झालेला ‘होशेव’ हा शब्द निर्गमाच्या ग्रंथात, निवासमंडपाच्या पडद्यांवर विणकामातून आकृती उठविणाऱ्या कसबी कारागिरासाठी आला आहे. धागे तेच राहतात. वीण दोन हातांची आहे.

भाषांतराचा कस लागतो तो येथे. भावांच्या बाजूस ‘कपट केले’ आणि देवाच्या बाजूस ‘इच्छा होती’ असे दोन वेगळे प्रयोग केल्यास अर्थ सुबोध होईल. पण मूळ वाक्याचा कणा मोडेल. मराठीत ‘योजणे’ हे क्रियापद सुदैवाने उपलब्ध आहे. ते मनुष्यालाही चालते आणि देवालाही. बेतालाही चालते आणि बेतशुद्ध कार्यालाही. ‘दैवाने घडविले’ हा प्रयोग मात्र येथे सर्वथा अयोग्य ठरतो. दैव योजीत नाही. ते असते. त्याच्यापाशी हेतू नसतो, म्हणून त्याच्याशी वादही घालता येत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, योसेफाच्या स्वप्नात भाऊ त्याला नमन करतात हे आधीच दिसलेले आहे. ते टाळण्यासाठी भाऊ त्याला विकतात आणि त्यामुळेच ते खरे होते. मग कंसाच्या कथेहून ही कथा वेगळी कशी? आकाशवाणी टाळावयास गेलेला कंसही ती खरीच करतो. साम्य खरे आहे. पण भेद त्याहून मोठा आहे. कंस अखेरपर्यंत कंसच राहतो. येथे मात्र यहूदा बदलतो. योसेफाला विकण्याची सूचना त्याचीच होती. चव्वेचाळिसाव्या अध्यायात धाकट्या बन्यामीनाला दास म्हणून ठेवून घेण्याचा प्रसंग येतो, तेव्हा तोच यहूदा त्याच्या जागी स्वतः दास राहण्यास सिद्ध होतो. या अध्यायात देव बोलत नाही, स्वप्न पडत नाही, चमत्कार होत नाही. पूर्वीचाच प्रसंग योसेफाने पुन्हा उभा केला आहे आणि निवड यहूदाची आहे. त्याने ती केल्यावरच योसेफाला रडू आवरत नाही आणि ईश्वरी योजनेचा उच्चार प्रथम होतो. योजना मनुष्याच्या निवडीनंतर वाचता येते; निवडीऐवजी ती पुढे करता येत नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण फारोचे. देवाने फारोचे मन कठीण केले, असे शास्त्र म्हणते; मग फारोचा दोष कोणता? येथेही व्याकरणाकडे लक्ष दिले पाहिजे. मूळात तीन धातू येतात : ‘हाझाक’ म्हणजे बळकट होणे, ‘कावेद’ म्हणजे जड होणे आणि ‘काशा’ म्हणजे कठीण होणे. मराठीत रूढ झालेल्या ‘मन कठीण होणे’ या एका प्रयोगात हे तिन्ही मिसळून जातात. शब्दशः भाषांतर करावे तर निराळीच अडचण उद्भवते. मराठीत ‘मन जड होणे’ म्हणजे खिन्न होणे, आणि ‘मन घट्ट करणे’ हा तर धैर्याचा गुण. दुसरी गोष्ट कर्त्याची. देव आपला बेत मोशेला आधीच सांगतो हे खरे. पण प्रत्यक्ष कथनात पहिल्या पाच पीडांमध्ये मन आपोआप बळकट वा जड झालेले असते, किंवा फारो स्वतः ते जड करतो. देव कर्ता होऊन येतो तो सहाव्या पीडेपासून. आणि सातवीनंतरही फारो पुन्हा एकदा स्वतःच कर्ता होतो. अकर्मक, सकर्मक आणि प्रयोजक या रूपांचा हा क्रम सैल भाषांतरात हरवतो, आणि फारो केवळ बाहुले उरतो.

भाष्यकारांनी हा क्रम ध्यानात घेतला होता. बाराव्या शतकातील मैमोनिदिस यांच्या मते फारोने प्रथम स्वेच्छेने पाप केले; पश्चात्तापाचा मार्ग बंद होणे हा त्या पापाचा दंड होता. सोळाव्या शतकातील इटालियन भाष्यकार स्फोर्नो यांनी उलट वाट धरली. केवळ पीडा असह्य झाली म्हणून फारोने माघार घेतली असती तर ती निवड ठरली नसती. देवाने त्याला बळ दिले ते त्याची निवड त्याचीच राहावी म्हणून. हे दुसरे स्पष्टीकरण ‘मन घट्ट करणे’ या मराठी प्रयोगाशी किती जुळते, हे लक्षणीय आहे.

बेने इस्राएल समाजाच्या मराठी वाङ्मयात या प्रश्नाची दोन्ही अंगे आढळतात. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची ‘हगादा’ मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली निघाली. या पोथीत मिसर देशातून सुटका करणारा देव एकटा आहे. मोशेचे नाव तीत जवळजवळ येतच नाही. पुढे १८८० च्या सुमारास याच समाजात कीर्तनाची प्रथा सुरू झाली आणि पूर्वजांची व संदेष्ट्यांची चरित्रे मराठी पदांतून आख्यानाला घेतली जाऊ लागली. कीर्तनाच्या उत्तररंगाला पात्रे लागतात, त्यांचे धर्मसंकट लागते, त्यांचा निश्चय लागतो. हगादेने जे माणसाकडून काढून घेतले, ते आख्यानाने त्याला परत दिले, असे म्हणण्यास हरकत नाही. एकाच समाजाने दोन्ही जपली, हे शास्त्राच्या मूळ वृत्तीला धरूनच झाले.

लिखिताची कल्पनाही यहुदी परंपरेत आहे. पण सटवाईच्या लिखिताहून ती भिन्न आहे. वर्षारंभी मनुष्याचा निवाडा लिहिला जातो आणि दहा दिवसांनी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, त्यावर मुद्रा उमटते, अशी समजूत आहे. बेने इस्राएल लोक त्या दिवसाला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. घराची दारे लावून घेऊन उपवास करीत. सटवाई लिहिते ते मनुष्याने काही करण्यापूर्वी, एकदाच आणि कायमचे. येथे लेखन प्रतिवर्षी होते, आणि लेखन व मुद्रा यांच्यामध्ये दहा दिवसांची मोकळी जागा राहते. त्या जागेत जे करावयाचे त्याला हिब्रूत ‘तेशुवा’ म्हणजे ‘परतणे’ असे नाव आहे. ‘पश्चात्ताप’ या मराठी प्रतिशब्दात मागाहून होणारा दाह आहे, पण परतीची वाट नाही. यहूदा जळत बसला नाही, तो परतला.

यावरून निघणारा निष्कर्ष केवळ भाषांतरापुरता नाही. झालेल्या अन्यायाकडे पाहून ‘त्याचे प्रारब्ध’ असे म्हणणे मराठीत अत्यंत सोपे आहे. त्या शब्दाने अन्याय सोसणाऱ्याचे दुःख त्याच्याच पदरी बांधले जाते आणि करणारा मोकळा सुटतो. योसेफाच्या कथेत अन्यायातूनही बरे निघते. परंतु ‘तुम्ही वाईट योजले’ हे वाक्य गाळून कोणालाही पुढे जाता येत नाही. ते वाक्य उच्चारण्याचा अधिकारही ज्याला विकले त्याचाच आहे. देवाच्या योजनेचे समाधान विकणाऱ्यांनी स्वतःच्या तोंडाने मांडले असते, तर ती पळवाट झाली असती. मराठी भाषांतरकाराने दैव आणि योजना यांतील भेद राखावयाचा तो याचसाठी.