चरित्रपटातील गीत आणि लौकिक सत्य

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर ‘हिंदुराव’ हे नाव आज एका मोठ्या रुग्णालयाला आहे. कागलच्या सर्जेराव घाटगे यांचे पुत्र आणि बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदुराव यांनी, विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाल्यानंतर, त्याचा येथील वाडा घेतला. १८५७ च्या वेढ्यात तेथे इंग्रजांचा मोर्चा होता. एवढे इतिहास सांगतो. हा मराठा सरदार परमुलखात कशाने सुखावत असे, कोणावर जीव टाकीत असे, हे मात्र इतिहासाला सांगता येत नाही. चरित्रपटाकडून रसिकाची अपेक्षा असते ती नेमकी या रिकाम्या जागेविषयी, आणि आपला चित्रपट ती बहुधा गीताने भरतो. गीत तर उघडच कल्पित. मग घडलेल्या आयुष्याच्या कथेत त्याला अधिकार कोणता?

दामले आणि फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’साठी (१९३६) शांताराम आठवले यांनी रचलेला एक अभंग अनेकांना तुकोबांचाच वाटला. याला फसवणूक म्हणणे आम्हांस मान्य नाही. तो शब्द त्या माणसाच्या बोलण्यातून, त्याच्या चालण्याच्या लयीतून उगवलेला आहे. लौकिक सत्य नसले तरी स्वभावसत्य त्यात आहे. पण या चित्रपटातील प्रेमाचा खरा ठेवा तुकारामापाशी नसून जिजाईपाशी आहे, हे पुरेसे बोलले जात नाही. विष्णुपंत पागनीस गाताना जेवढे पटतात, तेवढीच गौरी यांची जिजाई भांडताना पटते. मूल आजारी पडले की ती पायताण घेऊन थेट देवावर चालून जाते! पोटच्या पोराची माया आणि नवऱ्यावरचा राग तिच्या ठायी वेगळे करता येत नाहीत. अभंगांचा नाद या कजाग आवाजाशेजारी ठेवला गेला, म्हणूनच तो भाबडा होत नाही. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. मराठी न जाणणाऱ्या परीक्षकांनाही हा संसार ओळखीचा वाटला असावा.

आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला (१९५३) दिल्लीत राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या आठवणींवर तो आधारलेला आहे. द्रौपदी आणि कृष्ण यांच्या बंधुप्रेमाचे त्यातील गीत वसंत देसाई यांच्या चालीत आणि आशा भोसले यांच्या आवाजात घरोघर गेले. ते बाहेरून आणलेले वाटत नाही. कारण मुलाला कथेतून शहाणे करणे ही त्या आईचीच रीत. शाळेतील छडीचे गाणे मात्र गुरुजींच्या ओलाव्यापेक्षा अत्र्यांच्या विनोदबुद्धीचे अपत्य आहे. ते रंजक आहे, पण श्यामचे नाही.

समीर विद्वांस यांच्या ‘आनंदी गोपाळ’मध्ये (२०१९) हा प्रश्न अधिक बिकट होतो. नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेलेले, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाची वैद्यकीय पदवी आणि पुढच्याच वर्षी मृत्यू, असे हे आयुष्य. अभ्यासासाठी पतीने बालपणी केलेल्या मारहाणीचा उल्लेख आनंदीबाईंनी गोपाळरावांनाच लिहिलेल्या एका पत्रात केला आहे. आणि ती वागणूक बरी की वाईट, हे ठरविणे आपणांस अवघड जाते, असेही त्या लिहितात. प्रेमकथेला याहून कठीण आशय क्वचितच मिळेल. गोपाळरावांचा हेकटपणा चित्रपटाने झाकलेला नाही. ललित प्रभाकर आणि भाग्यश्री मिलिंद यांनी तो प्रामाणिकपणे पेललाही आहे. तथापि ऋषिकेश, सौरभ आणि जसराज यांचे मधुर संगीत सुरू झाले की वर्षे भराभर सरतात, दुरावा विरघळतो, आणि पत्रातील तो न सुटलेला प्रश्न प्रेक्षकापुरता सुटतो. ‘संत तुकाराम’मध्ये गाण्याला अडविणारी जिजाई होती, येथे अडविणारे कोणी नाही. मूल गेल्यानंतरची त्या मुलीची निःशब्दता आणखी थोडी लांबविली असती, तर पुढे परदेशातील तिच्या यशाचा आनंद अधिक महाग आणि अधिक खरा वाटला असता.